घोडं इथंच पेंड खातं!

यंदाच्या स्मरणिकेसाठी लेख मागायला मंडळातून फोन आला. "तुम्ही आयटीवाले, एआयवर काहीतरी खुसखुशीत लिहा ना!" मी म्हटलं, "एआयवर सगळेच लिहिताहेत. मी ढेपेवर लिहितो." पलीकडे क्षणभर शांतता. मग हळूच प्रश्न आला, "ढेप म्हणजे... गुळाची?"

"नाही हो, म्हशीची!"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा करतो. सरकी, शेंगदाणा, सोयाबीन यांचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो त्याला तुम्ही पेंड म्हणता, आमच्या खान्देशात त्याला ढेप म्हणतात. गुरांच्या खाद्याच्या दुकानात ती पोत्याने मिळते. आणि माझं म्हणणं असं, की आपल्या दारापुढच्या हिरवळीला (कौतुकाचं नाव 'लॉन') खत घालायचंच असेल, तर ते या दुकानातून आणावं. युरियाचं पोतं बंद, आणि 'ऑरगॅनिक' लिहिलेली ती महागडी रंगीत पिशवीही बंद. एवढंच सांगायचं असतं तर लेख अर्ध्या पानात संपला असता. पण या निमित्ताने आपल्या मराठी मंडळींचे थोडे वाभाडेही काढायचे आहेत. त्यात माझे स्वतःचेही आले, तेव्हा रागावू नका.

मी राहतो अबकैकला. १४ सप्टेंबर २०१९ रोजी इथल्या तेलप्रकल्पावर ड्रोनचा हल्ला झाला आणि हे नाव जगभरच्या टीव्हीवर झळकलं. तोवर आमचे नातेवाईक दर फोनला "कुठे राहतोस म्हणालास?" असं विचारायचे. कच्चं तेल जहाजावर चढवण्याजोगं करणारा जगातला सगळ्यात मोठा प्रकल्प इथे आहे. चहूकडे वाळू. वर्षभरात पाऊस शंभर मिलिमीटरसुद्धा नाही, आणि उन्हाळ्यात पारा ४५च्या वर. अशा ठिकाणी गेल्या शतकाच्या मध्याला अमेरिकन तेलवाल्यांनी वस्ती उभारली आणि आपल्या गावची सवय म्हणून घरापुढे हिरवळही आणली. ते गेले, त्यांची हिरवळ राहिली. आता तिची काळजी वाहतात अमळनेर, सांगली, हैदराबाद आणि कराचीची माणसं!

ही हिरवळ असते तरी कशाची? नर्सरीवाला 'बर्म्युडा ग्रास' म्हणतो. ऐकायला कसं भारदस्त वाटतं! प्रत्यक्षात ती आपली हरळी, किंवा तिचीच सख्खी-चुलत भावंडं. घरातल्या घरात गणपती बसवतो तेव्हा एकवीस दूर्वा मी याच हिरवळीतून खुडतो. म्हणजे देवाला वाहिली की दूर्वा, शेतात उगवली की हरळी आणि अबकैकला आली की बर्म्युडा. माझ्या वडिलांनी, नानांनी, अमळनेर तालुक्यातल्या आमच्या काळ्या रानात आयुष्यभर हरळीशी युद्ध केलं. भर उन्हात कुदळीने हातभर खोल खणायचं, काशा वेचायच्या, बांधावर वाळत घालायच्या. एक पेर जरी राहिलं तरी पावसाळ्यात पुन्हा हजर! आणि त्यांचा मुलगा परदेशात एम.एस. करून आला आणि त्याच हरळीला पाणी, खत घालत बसलाय. नियतीला विनोदबुद्धी असते ती अशी.

आता माझा गुन्हा कबूल करतो. इथे येऊन दुसरंच वर्ष होतं. शेजाऱ्याची हिरवळ गालिच्यासारखी आणि आमची उंटाच्या पाठीसारखी. सौभाग्यवतींनी दोनदा सुचवलं, तिसऱ्यांदा सुनावलं. मग मी युरियाचं पोतं आणलं आणि मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, बी पेरावं तसा, हाताने फेकून मोकळा झालो. पाणी दिलं ते वरवर. तिसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर माझ्या हाताच्या फेकीचे अर्धगोल जमिनीवर पिवळे उमटलेले! कुठे मूठ सैल सुटली आणि कुठे घट्ट राहिली, सगळा हिशेब गवतात लिहिलेला. आमच्या धंद्यात चूक झाली की 'पॅच' टाकून दुरुस्त करतात. इथे चूकच पॅचेसच्या रूपाने दिसत होती, तीही येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना!

चूक माझी, हे खरं. पण नुसती माझी नाही, हे नंतर वाचल्यावर कळलं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणून तो बलवान. पण गवत युरिया थेट फारसा खात नाही. जमिनीतल्या युरिएज नावाच्या विकरामुळे आधी त्याचा अमोनियम होतो. जमीन तापलेली, चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असली, जशी इकडची आहे, आणि युरिया वरच पडून राहिला, तर त्यातला बराचसा अमोनिया वायू होऊन हवेत उडतो. उरलेल्याचा नायट्रेट होतो. नायट्रेटला धरून ठेवायला वाळूत ना चिकणमाती, ना कुजलेला पाला. दोन पाणी दिली की तो मुळांच्या खाली निघून जातो. आपल्या काळ्या जमिनीची तिजोरी इथे नाहीच, इथे आहे ती चाळण. वर इथल्या पाण्यात मुळातच क्षार, त्यात युरियाच्या दाण्याचा क्षार मिळाला की मूळ भाजलंच म्हणून समजा. म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आपण पोती ओततो, खाते हवा आणि वाळू. गवत चार दिवस हिरवंगार होतं, मग पुन्हा मलूल, की पुन्हा मूठभर युरिया. याला खत घालणं म्हणत नाहीत, व्यसन लावणं म्हणतात.

खरं तर याचं उत्तर मला पंधरा-वीस वर्षांपूर्वीच मिळालं होतं, तेही अमेरिकेत. एम.एस.च्या दिवसांत आयोवात आम्ही चौघं एका आजीबाईंच्या घरी भाड्याने राहायचो. शेतकऱ्याची विधवा, ऐंशीच्या घरातल्या, काटक. दर वसंतात आम्हा चौघांना पिकअपमध्ये घालून गुरांच्या खाद्याच्या दुकानात न्यायच्या आणि सोयाबीनच्या पेंडीची पोती उचलायला लावायच्या. मला वाटलं, कुठेतरी गाय असेल. कसली गाय! बाईंनी ती पेंड घरापुढच्या गवतावर भुरभुरवली आणि वर पाणी मारलं. आम्ही पोरं हसलो. "म्हातारी लॉनला आंबोण घालतेय," असं मराठीत म्हणालोसुद्धा! त्याच आयोवा स्टेट विद्यापीठात निक ख्रिश्चन्स या प्राध्यापकांनी १९८०च्या दशकात मक्याच्या ग्लूटेनच्या भरडीचा गुण हेरला होता. ती गवताला नत्र देते आणि नव्याने रुजणाऱ्या तणाच्या बियांची मुळं धरू देत नाही. १९९१ साली त्याचं पेटंटही झालं. म्हणजे आम्ही ज्याला हसत होतो ती म्हातारीची लहर नव्हती, चांगलं सिद्ध झालेलं शास्त्र होतं.

आजीबाईंनी एक हिशेब शिकवला होता, तो वहीत टिपून ठेवण्याजोगा आहे. गुरांच्या खाद्याच्या पोत्यावर प्रथिनांची टक्केवारी छापलेली असते. तिला ६.२५ने भागा, की नत्राची टक्केवारी मिळते. सोयाबीन पेंड ४४ टक्के प्रथिनांची, म्हणजे नत्र सुमारे ७ टक्के. शेंगदाण्याची पेंडही त्याच्याच आसपास. सालासकटची सरकी ढेप साधारण ४ टक्के. शिवाय थोडं स्फुरद, थोडं पालाश. म्हणजे गुरांच्या पोत्यावरचं लेबल हेच खताचं लेबल, फक्त भागाकार करता आला पाहिजे! हे नत्र प्रथिनांत बांधलेलं असतं. जमिनीतले जिवाणू ते फोडतात तेव्हा कुठे गवताला मिळतं. दोन-तीन आठवडे लागतात, पण मिळतं ते सावकाश, बेताबेताने. आणि मुख्य म्हणजे त्या निमित्ताने वाळूत जिवाणू पोसले जातात. अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृत आठवा. २०० लिटर पाण्यात १० किलो शेण, गोमूत्र, आणि त्यात २ किलो गूळ नि २ किलो बेसन. बेसन काही पिकाला खायला नसतं, ते जिवाणूंची न्याहारी असते. ढेपेचंही तेच. आपण गवताला जेवायला घालत नाही, जमिनीला घालतो.

हे सगळं ठाऊक असून मी युरिया का आणला? तर लाज! गुरांच्या दुकानात जायची लाज. इथंच घोडं पेंड खातं, मंडळी! आपल्यातले बरेचजण गोठ्याच्या वासातून शिकून वर आले. वर आल्यावर पहिली गोष्ट काय केली, तर तो वास धुऊन काढला. मग तोच माल रंगीत पिशवीत घालून, वर इंग्रजीत 'नैसर्गिक' असं लिहून, परदेशातल्या कारखान्यातून आला की आपण चौपट दाम मोजून डोक्यावर घेतो. मी एकदा अशा पिशवीच्या मागची बारीक अक्षरं वाचली. घटक: सोयाबीन भरड, पिसांची भरड. म्हणजे ढेपच की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. आयटीवाल्यांना तर ढेपेची लाज वाटायचं काहीच कारण नाही. ज्या विप्रोत आपल्यातल्या कित्येकांनी उमेदवारी केली, ती कंपनी १९४५ साली आमच्या अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना म्हणून सुरू झाली. संगणक पुष्कळ नंतर आले. भारतातल्या आयटीचं एक मूळ असं थेट तेलबियांत रुजलेलं आहे.

तर भाजलेल्या हिरवळीची लाज त्या लाजेहून मोठी झाली तेव्हा एका गुरुवारी गाडी काढली आणि होफूफच्या रस्त्याला लागलो. अल-हसाच्या त्या मरूद्यानात लाखो खजुरीची झाडं आहेत, २०१८ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. वाटेत गुरांच्या खाद्याची दुकानं लागतात. बार्लीची पोती, कोंडा, लसूणघासाच्या गठड्या, आणि कोपऱ्यात पेंड, जिला अरबीत 'कुसब' म्हणतात. आत शिरलो आणि तो आंबूस-गोड वास नाकात गेला. तीस वर्षं मागे गेलो म्हणा ना! दुकानातला माणूस पेशावरकडचा. त्याने हिंदी-उर्दूत विचारलं, "मेंढ्या किती आहेत?"

"एकही नाही."

"मग उंट?"

"नाही. गवताला घालायचीय."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग खदखदून हसत म्हणाला, "साहेब, आम्ही मेंढ्यांना गवत घालतो. तुम्ही गवताला मेंढ्यांचं खाणं घालणार!" दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. पण त्याचं वाक्य डोक्यात राहिलं. पुढे त्याची गाठ पडायची होती.

आता कृती, कारण शेवटी गृहिणी आणि गृहस्थ दोघेही "प्रमाण काय?" हेच विचारतात. शंभर चौरस मीटर हिरवळीला सोयाबीन पेंड सुमारे ७ किलो, सरकीची असेल तर १२ किलोपर्यंत. गवत वाढीला लागलं की मार्च-एप्रिलमध्ये एकदा, मग जूनच्या सुमारास, आणि शेवटची ऑक्टोबरच्या आत. भरड असेल तर गहू चाळायच्या चाळणीने भुरभुरवा. खडे असतील तर म्हशीला भिजवतात तशी रात्रभर भिजवा, पातळ करा आणि झारीने घाला. वरून लगेच भरपूर पाणी. तोंडाला रुमाल बांधा, धूळ छातीत जाते. बुरशी लागलेलं पोतं फुकट मिळालं तरी घरी आणू नका. बुरसटलेल्या शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन हे विष असतं. १९६० साली इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी त्याने मेले, तेव्हाच जगाला ते कळलं. आणि एरंडीची पेंड तर मुळीच नको. तिच्यात रायसिन असतं. कुत्र्या-मांजरांनी चाटली तर जिवावर बेतेल, आणि आपल्या वस्तीत मांजरांना काय तोटा! थंडीत हिरवं दिसावं म्हणून कोणी रायग्रासचं बी टाकणार असाल, तर त्या वेळी मक्याची ग्लूटेन भरड टाळा, नाहीतर बीच रुजणार नाही.

आक्षेप मला पाठ आहेत. वास येतो? येतो, दोन-तीन दिवस. बिर्याणीचाही येतोच. मुंग्या, पक्षी येतात? येतात. आमच्याकडे सकाळी हुदहुद येतो आणि लांब चोचीने गवतात खुपसून किडे टिपतो. मुलगी शाळेची बस सोडून बघत बसते. नत्राच्या किलोमागे महाग पडतं? पडतं, खोटं बोलणार नाही. ५० किलो युरियात २३ किलो नत्र, तेवढ्याच सोयाबीन पेंडीत साडेतीन. कागदावर युरियाच जिंकतो. पण मी कागदावर गवत लावलेलं नाही. आणि हिशेबच करायचा तर त्यात आपल्या माळ्याचे हातही धरा. बहुतेक घरी बांगलादेशातला कोणी गरीब मुलगा येतो. जूनच्या उन्हात, उघड्या हाताने, घामेजलेल्या बोटांनी तो युरिया फेकतो आणि आपण एसीतून काचेआडून बोट दाखवतो, "तिकडे राहिलं!" याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. आम्ही ढेप आणल्यावर आमच्या माळीभाईने मूठ नाकाशी नेली आणि म्हणाला, "खोइल!" बंगालीत पेंडेला हेच म्हणतात. "आमच्या गावी बाबा भाताला घालायचे." पहिल्यांदाच त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, आणि पहिल्यांदाच त्याने मला सांगितलं.

इथपर्यंत माझा विजयच होता. मग गेल्या दिवाळीनंतर नाना आले, व्हिजिट व्हिसावर. वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्याच सकाळी बाहेर आले, वाकून गवताची एक काडी उपटली, पेरं मोजली. "हरळी आहे ही!" मी म्हटलं, "हो नाना." मग मी उत्साहाने पोतं दाखवलं, भागाकार समजावला, आयोवा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हरळी खणता खणता माझी कंबर गेली, आणि तू तिला ढेप चारतोस? वर्षाला किती लागते?"

"वीस-एकवीस किलो."

"म्हणजे दुभत्या म्हशीची दहा दिवसांची. दहा दिवस म्हैस उपाशी. कशासाठी? हे कापून कोणाला घालतोस?"

"कोणाला नाही. पिशवीत भरून टाकून देतो."

ते काही बोलले नाहीत. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. पेशावरवाला हसत हसत जे म्हणाला तेच नाना न हसता म्हणाले होते. मेंढीला गवत की गवताला मेंढीचं खाणं, हा प्रश्न विनोदाचा नव्हताच.

दोन दिवसांनी त्यांनीच नियम सांगितला. तो आपल्याकडच्या प्रत्येक जुन्या शेतकऱ्याला ठाऊक आहे. खाद्य पेंड जनावराला, अखाद्य पेंड जमिनीला. शेंगदाणा, सरकी आधी गोठ्यात जाते आणि तिथून शेणाच्या रूपाने शेतात. जनावर तोंड लावत नाही ती निंबोळी, करंजी थेट जमिनीत. निंबोळी तर नत्र जपतेही. म्हणूनच भारत सरकारने २०१५ साली देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला निंबतेलाचा लेप सक्तीचा केला. आणि कडुनिंब या देशाला नवा नाही. अराफातच्या मैदानावर हाजींच्या सावलीसाठी हजारो कडुनिंब लावलेत, आमच्या गल्लीतही तीन आहेत. त्यांच्या निंबोळ्या दर उन्हाळ्यात फूटपाथवर पडून झाडूवाल्याच्या गाडीत जातात!

नानांनी दुसरी गोष्ट केली ती सांगून नाही, करून दाखवली. कुदळ मागितली, आणि कंबर गेलेल्या त्या माणसाने हिरवळीचा अर्धा तुकडा चार सकाळींत खणून काढला. हातभर खोल, काशांसकट. मी आणि माळीभाई नुसते हाताशी. त्या जागी आता मेथी, पालक, वांगी आणि कोपऱ्यात अळू आहे. उरलेल्या अर्ध्या हिरवळीला मी आता ताजी पोती आणत नाही. दुकानातली फुटलेली, सांडलेली, सोंडे लागलेली, जनावरवाले नाकारतात ती ढेप पेशावरवाला माझ्यासाठी बाजूला ठेवतो. येत्या उन्हाळ्यात निंबोळ्या वेचायच्या, वाळवायच्या, कुटायच्या. कापलेलं गवत वाफ्यांवर आच्छादनाला जातं, पिशवीत भरणं बंद.

तर वाचकहो, माझा वाद युरियाशी आहे तो दारापुढच्या युरियाशी. शेतातल्या युरियावर जगातली कोट्यवधी तोंडं जेवतात, हे शेतकऱ्याच्या मुलाला कोणी शिकवायला नको. युरिया बनतो नैसर्गिक वायूपासून, आणि तो वायू आपल्या पायाखाली आहे. १९६५ साली दम्माममध्ये या देशातली पहिली खत कंपनी स्थापन झाली ती त्याच्याच भरवशावर. भारत आखातातून युरियाही घेतो आणि तो बनवायला वायूही घेतो. नानांच्या गावात खरिपात युरियाच्या पोत्यासाठी रांग लागते, आधार कार्ड हातात घेऊन माणसं उभी असतात. त्या रांगेच्या दुसऱ्या टोकाला आपण राहतो, आणि इथे तेच पोतं शोभेच्या हरळीवर उधळतो. याची थोडी तरी लाज वाटावी. गुरांच्या दुकानात शिरायची नको.

एक मागणं आहे. दर हिवाळ्यात आपल्या मंडळाच्या ग्रुपवर हिरवळीच्या फोटोंची चढाओढ लागते. यंदा त्याऐवजी जेवढी हिरवळ मुलं खरोखर खेळतात तेवढीच ठेवा, बाकीची खणा. ठेवाल तिला नाकारलेली ढेप घाला, निंबोळी घाला. आणि फोटो टाकायचाच असेल तर मेथीच्या जुडीचा टाका.

नाना परत गेले. जाताना विमानतळावर म्हणाले, "अर्धी ठेवलीस ते बरं. गणपतीला दूर्वा लागतील." परवा फोनवर त्यांनी मेथीची चौकशी केली, वांग्यांची केली. हरळीची नाही केली.